ओळख पटत नाही

संगनकोप, ता. कलघटगी
११ जून २०२५

चि. मेधास,

हे पत्र तू फोडणार नाहीस असं धरूनच लिहायला बसलो आहे. तुझ्या आईचं तेरावं झाल्यावर, नवनगरच्या घराच्या पायरीवर बूट चढवताना तू जी अट घातलीस ती माझ्या ध्यानात आहे. सात वर्षांत ती मी पाळलेली नाही, तेव्हा तूही तुझं पाळशील. तरीही लिहितो. ग्लासगोच्या तुझ्या घरी एखाद्या खणात पडून राहील.

नवनगरचं घर विकून मी इथे आलो त्याला चार वर्षं झाली. अकरा एकर जमीन आहे. चाळीस आंब्याची झाडं, थोडे काजू, बाकी भात. इकडे भात लावत नाहीत, कुरीनं, म्हणजे पाभरीनं, पेरतात, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. चार देशांत वकिलाती सांभाळल्या, करारांच्या मसुद्यात स्वल्पविरामावरून रात्री घालवल्या, आणि आता सकाळी उठून बघतो तर रानडुकरांनी बांध उकरलेला असतो. माझी तक्रार नाही. धारवाडच्या एका दलालानं चार जागा दाखवल्या, त्यातली ही पसंत पडली, घेतली. गावात मला ‘फॉरीनचे साहेब’ म्हणतात.

गाव लहान आहे. बहुतेक मराठी बोलणारी कुणबी घरं, पण बाजारात आणि भांडणात कानडी. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, सहा-सात बायका येतात. त्यांची मुकादम म्हणजे भागीरथी. सत्तरीची असेल, माझ्याएवढीच. मी तिला अक्का म्हणतो. तिची सून रेखा पण येते. रेखाची मुलगी अनिता अळणावरला कॉलेजात जाते, सुट्टीत तीही येते.

काल वटपौर्णिमा झाली. माझ्या बांधावर जुना वड आहे. सकाळी रेखा सूत आणि ताट घेऊन आली. मी ओसरीत पेपर वाचत होतो. तिनं सात फेरे घातले. मी पेपराआडून मोजले. तिचा नवरा सतरा वर्षांपूर्वी परदेशी कामाला गेला आणि परत आला नाही.

एक सांगायचं राहिलं. दुपारी दोनच्या सुमाराला कुणीतरी फाटकाशी येतं. उन्हाळ्यात जास्त, आता थोडं कमी. हाक येते, ‘साहेब्र, ओंद निमिष.’ साहेब, एक मिनिट. आवाज घाईचा नाही, अदबीचा. पहिल्या वर्षी मी उठून जात असे. तिथे कुणी नसतं. कुत्रा मात्र त्या दिशेला बघत बसतो. गेल्या मार्चमध्ये मी फाटक काढून टाकलं. आता नुसते दोन खांब आहेत. हाक येते ती त्या खांबांमधून येते.

वयाचा परिणाम असेल. कान तपासून घेतो.

अण्णा


संगनकोप
३ जुलै २०२५

चि. मेधा,

काल भागीरथी काम संपल्यावर घरी गेली नाही. बायका गेल्या, ती ओसरीच्या खाली उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. मग पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली.

‘साहेब, तुम्ही बाहेरच्या देशात मोठं साहेब हुतासा म्हणत्यात. खरं काय?’

होतो, म्हटलं.

‘मग आमच्या हणमंताला हुडकून द्या की. मी चार वर्सं इचारीन इचारीन म्हणत हुते. रेखा म्हणती, साहेब मोठी मानसं, त्यास्नी कशाला तरास. खरं आता अनिताचं ठरवालोय. कलघटगीचा पोरगा हाय, इशाल नावाचा. बापाबिगर कसं करू लगीन?’

पिशवीत पासपोर्टची झेरॉक्स होती, पार पिवळी पडलेली. दोन पत्रं होती, पाठवणाऱ्या एजंटचं कार्ड होतं, आणि एक फोटो. लग्नातला फोटो, मुंडावळ्या बांधलेल्या. मी फोटो उलटा ठेवला. तिला वाटलं मी मागे काही लिहिलंय का बघतोय.

‘वळखायला लई सोपा हाय बघा,’ ती म्हणाली. ‘डाव्या हाताची करंगळी न्हाई त्याला. भाताच्या गिरणीत गेली, धा वर्साचा असताना. कुटंबी असू दे, हात बघिटला की कळतंय.’

मी म्हटलं, बघतो.

मेधा, मी आयुष्यभर हा शब्द वापरला. बघतो. त्याचा अर्थ काय होतो ते आमच्या खात्यातल्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. भागीरथीला ठाऊक नाही. ती वाकून माझ्या पाया पडली आणि पिशवी ठेवून गेली. जाताना म्हणाली, आता मला झोप लागेल.

पिशवी कपाटात आहे. मी ती परत उघडलेली नाही.

अण्णा


संगनकोप
२० जुलै २०२५

मेधा,

आता जे लिहितो ते तुला ठाऊक आहे. पण तू ते आईकडून ऐकलंस, माझ्याकडून नाही. आईनं ते दवाखान्यात, बोलताना धाप लागत होती तेव्हा सांगितलं. म्हणजे तिनं थोडक्यात सांगितलं असणार. मी सगळं सांगतो.

आणि आधी एक दुरुस्ती. दलालानं चार जागा दाखवल्या हे खोटं आहे. मीच त्याला गावाचं नाव सांगितलं होतं.

२००९ चा जुलै. राजदूत रजेवर होते, वकिलातीचा कारभार माझ्याकडे होता. रविवारी दिल्लीहून शिष्टमंडळ यायचं होतं, मोठ्या कराराची बोलणी होती. गुरुवारी दुपारी दोनला फाटकावरच्या पहारेकऱ्यानं फोन केला, की एक माणूस आलाय, हिंदी नीट बोलत नाही, ‘धारवाड धारवाड’ म्हणतोय. तू सुट्टीला आली होतीस, गाडीसाठी माझी वाट बघत बाहेरच्या शेडमध्ये बसली होतीस. तू त्याच्याशी मराठीत बोललीस. तो हणमंत. हणमंत अप्पाजी काकतकर, मुक्काम संगनकोप.

वाळवंटातल्या एका फार्मवर शेळ्या राखत होता. चौदा महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. दोन रात्री चालत आला होता. तू त्याला आईनं माझ्यासाठी पाठवलेला डबा दिलास. मी खाली आलो तेव्हा तो जेवून हात धूत होता. त्याच नळाखाली मी त्याचा डावा हात बघितला. तू मला इंग्रजीत म्हणालीस, ह्याला घरी पाठवायचं हं. आणि त्याला मराठीत म्हणालीस, माझे वडील आहेत, आता काळजी करू नका. मग तू गाडी घेऊन गेलीस.

पळून आलेल्या कामगाराला वकिलातीत ठेवता येत होतं. जागा नव्हती, पण करता आली असती. त्यासाठी तिथल्या मजूर खात्याला कळवावं लागलं असतं, मालकावर तक्रार नोंदवावी लागली असती. मालक कोण ते मी कागदावर बघितलं. रविवारच्या जेवणाला येणाऱ्या यजमानांपैकी एकाचा तो चुलतभाऊ होता.

मी मालकाला फोन लावला. तो तासाभरात आला, अत्तर लावलेला, गोड बोलणारा. सगळा पगार देतो म्हणाला, महिन्याभरात तिकीट काढून देतो म्हणाला. मी ते लिहून घेतलं. ते लिहून घेताना मला बरं वाटलं, हेही सांगतो. आपण काहीतरी मिळवून दिलं असं वाटलं.

हणमंत गाडीत बसायला तयार नव्हता. भांडला नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, ‘साहेब्र, ओंद निमिष.’ त्याला मला काहीतरी बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी घड्याळ बघितलं. आणि कानडीत, आपल्या धारवाडी कानडीत, त्याला म्हणालो, ‘होगप्पा, हेदरब्याड. नान इद्दीनी.’ जा बाबा, भिऊ नको. मी आहे.

ते ऐकून तो बसला. इतरांनी सांगितलं असतं तर बसला नसता. मी धारवाडचा म्हणून बसला.

संध्याकाळी तू विचारलंस, त्या माणसाचं काय झालं. मी म्हटलं, घरी पाठवला.

ऑक्टोबरमध्ये तिथल्या पोलिसांकडून एक कागद आला. वाळवंटात प्रेत सापडलं, बहुधा भारतीय, ओळख पटवावी. सोबत तीन फोटो. चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिसरा फोटो डाव्या हाताचा होता.

करारावर सह्या होऊन दोन आठवडे झाले होते. ओळख पटवली असती तर मृत्यूचं कारण विचारावं लागलं असतं, मग मालकाचं नाव, मग जुलैतली माझी नोंद. मी फाईलवर एक ओळ लिहिली, ‘छायाचित्रांवरून ओळख पटत नाही.’ खाली सही. त्याला परदेशी बेवारसांच्या दफनभूमीत पुरलं. खड्ड्याचा नंबर त्यांनी कळवला, तो मला पाठ आहे, ४१७.

त्या आठवड्यात मला ताप आला आणि मी तुझ्या आईला सांगितलं. तिनं नऊ वर्षं दर दिवाळीला एकदा विचारलं, ‘त्या घरी पत्र घातलं का?’ वर्षातून एकदाच. आवाज कधी चढवला नाही. शेवटी तिनं तुला सांगितलं, आणि तू पायरीवर म्हणालीस, ‘ज्या दिवशी त्याच्या घरच्यांना सांगाल त्या दिवशी मला लिहा. त्याआधीचं पत्र मी फोडणार नाही.’

एवढं आहे. हे लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं.

अण्णा


संगनकोप
१२ ऑक्टोबर २०२५

मेधा,

अडीच महिने लिहिलं नाही. कारण लाजेचं आहे.

भागीरथी दर आठ दिवसांनी विचारत होती, काय कळलं का. मी म्हणत होतो, दिल्लीला पत्र टाकलंय. टाकलं नव्हतं. गणपती झाले, नवरात्र झालं. मग तिनं कलघटगीच्या पाहुण्यांना निरोप धाडला, की पोरीचा बाप येईपर्यंत थांबा, साहेब हुडकायलेत. पाहुणे म्हणाले, सतरा वर्षं आला नाही तो आता कुठला येतोय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरा, नाहीतर आम्हाला दुसरी पोरगी बघू दे. भागीरथी हटेना. रेखानं मधला रस्ता काढला. बस्ता तरी बांधून ठेवू, म्हणाली. माणूस कधीपण येईल.

मीच त्यांना गाडीतून हुबळीला नेलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी आपणहून म्हटलं. एक दिवस आपण उपयोगी पडावं असं वाटलं. दुर्गदबैलाच्या बाजारात गाडी शिरत नाही, लांब लावून हातगाड्यांमधून चालत गेलो. भागीरथी पुढे, दोघी मागे, त्यामागे मी, हातात पिशव्या.

दुकानदारानं गादीवर बसवलं, चहा मागवला. मला बघून रेखाला कानडीत विचारलं, हे कोण, मुलीचे आजोबा का.

रेखा म्हणाली, ‘नाही, हे आमचे साहेब. माझ्या मालकांना शोधून आणणार आहेत.’ ती कानडीत बोलली आणि जरा मोठ्यानं बोलली. शेजारी बसलेल्या बायकांनी वळून बघितलं. एकीनं मला हात जोडले.

साड्या झाल्या. शालू झाला. मग रेखानं बापासाठी म्हणजे हणमंतसाठी शर्ट दाखवा म्हटलं. दुकानदारानं माप विचारलं. ती थांबली. मला वाटलं आता नको म्हणेल. ती हिशोब करत होती.

‘गेला तवा बारीक हुता,’ ती भागीरथीला म्हणाली. ‘खरं सतरा वर्सांत अंग भरलं असंल की.’

‘भरलं असंल,’ भागीरथी म्हणाली.

मग रेखा माझ्याकडे वळली. ‘साहेब, जरा हुबं ऱ्हाता काय? तुमच्याएवढाच असंल उंचीला.’

मी उभा राहिलो. तिनं तो शर्ट, आकाशी रंगाचा, घडीसकट माझ्या खांद्यांना लावून बघितला. तिची बोटं मला लागू नयेत म्हणून ती जपत होती. भागीरथी मान वाकडी करून बघत होती. अनिता बघत नव्हती, मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

‘बरोबर हाय,’ रेखा म्हणाली. ‘ह्योच द्या.’

येताना बस्त्याच्या पिशव्या अनिताच्या मांडीवर होत्या. नवनगर मागे पडलं, आपलं जुनं घर ज्या रस्त्याला होतं तो फाटा गेला. मी त्यांना त्यांच्या दारात सोडलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. सण तोंडावर आलाय, दिवाळी होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. तुझी आई दिवाळीलाच विचारायची, ते नंतर आठवलं.

अण्णा


संगनकोप
२६ ऑक्टोबर २०२५

मेधा,

ह्या पाकिटावर बाहेरूनच लिहिलंय, ‘सांगितलं’. म्हणजे फोडायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

शुक्रवारी, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत त्यांच्या घरी गेलो. अंगणात शेंगा पसरलेल्या होत्या. भागीरथी आणि रेखा निवडत होत्या. अनिता आतून पाणी घेऊन आली. मी पाणी घेतलं नाही. बसलोही नाही. रात्री सगळं कागदावर उतरवून काढलं होतं, तारखांसकट, सही करून. कागद हातात होता, पण आधी तोंडानं सांगायचं ठरवलं होतं.

‘अक्का, हणमंत गेला,’ मी म्हटलं. ‘सोळा वर्षं झाली.’

तिचे हात थांबले. ‘दिल्लीवरनं पत्र आलं काय?’

‘दिल्लीहून नाही. मी दिल्लीला लिहिलंच नव्हतं. मला तेव्हापासून ठाऊक आहे.’

‘तवापास्नं म्हंजे?’ हे रेखानं विचारलं.

मग सांगितलं. तो आला होता ते, मालकाला मी बोलावलं ते, गाडीत मी बसवला ते. करंगळीचा फोटो. मी लिहिलेली ओळ. मध्येच मला कळलं की मी फार व्यवस्थित बोलतोय, क्रमवार, जसं वरिष्ठांसमोर बोलतात तसं. पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बोलायचं ते मला येत नव्हतं.

भागीरथी मध्ये एकदाच बोलली. ‘तुम्ही वळखिलासा?’

‘ओळखला.’

‘आनि न्हाई म्हनून लिवलासा.’

‘हो.’

रेखा उठली. तिच्या मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. ती माझ्यासमोर आली. मला वाटलं मारेल, आणि मी हललो नाही. तिनं मारलं नाही.

‘मी सोळा वटपौर्णिमा केल्या,’ ती म्हणाली. ‘त्यातल्या चार तुमच्या बांधावर. तुम्ही वसरीत बसून बघत हुतासा.’

मी खाली सांडलेल्या शेंगांकडे बघितलं.

‘मला दोन ठिकाणं सांगून आलती. पैल्या पाच-सा वर्सांत. चांगली ठिकाणं. मी म्हटलं, माझा नवरा जिता हाय.’

तिचा आवाज तिथे फुटला आणि ती आत गेली.

अनितानं माझ्या हातातला कागद घेतला. उभ्यानं वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सहीसकट. मग स्वच्छ पुस्तकी मराठीत विचारलं, ‘मग आमच्या गावात जमीन कशाला घेतली?’

‘जवळ राहावं म्हणून.’

‘कुणाच्या जवळ?’

मेधा, चाळीस वर्षं मी प्रश्नांना उत्तरं देण्याचा पगार घेतला. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी आलो. तिच्या आईला मजुरी दिली, चार पैसे जास्त दिले, अनिताच्या फीला मदत केली, म्हणजे कुठेतरी फिटत जाईल, आणि सांगावं लागणार नाही. तसं मी तिला म्हटलं नाही. ती म्हणाली, ‘हा कागद मी ठेवते. दिल्लीचा पत्ता पण लिहून द्या. तुम्ही पाठवाल म्हणून आम्ही थांबणार नाही.’ मी पत्ता लिहून दिला. माझी प्रत मी काल धारवाडच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टर केली. मी खोटी नोंद केली, अधिकारी मीच होतो, आणि चारशे सतरा नंबरचा खड्डा उकरून ओळख पटवावी, असं त्यात आहे.

निघताना भागीरथीनं हाक मारली. ती अजून शेंगांजवळच बसली होती.

‘जेवला हुता काय तवा?’

‘जेवला होता. माझ्या मुलीनं वाढलं. तिच्याशीच बोलत बसला होता, तासभर.’

‘काय बोलला?’

‘मला ठाऊक नाही. मी नंतर आलो.’

‘मग तिला इचारते मी,’ भागीरथी म्हणाली. ‘तुमास्नी न्हाई काय इचारायचं मला. तिचा नंबर द्या.’

मी दिला. तुझी परवानगी न घेता दिला. तुझा नंबर अजून तोच आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

सांगितल्यावर हाक थांबेल असं मला कुठेतरी वाटत होतं. आज दुपारीही आली.

अण्णा


संगनकोप
३० नोव्हेंबर २०२५

मेधा,

महिन्याभरात काय काय झालं ते क्रमानं लिहितो.

दुसऱ्याच दिवसापासून कामाला कुणी आलं नाही. मी कुणाला विचारायलाही गेलो नाही. भात पिकून उभं होतं. मळणीचं मशीन गणपत नावाच्या माणसाकडे आहे, दरवर्षी तोच येतो. त्याला फोन केला तर त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, मला ह्या गावात ऱ्हायाचंय.’ किराणाच्या दुकानात सामान मिळतं, पण मी आत गेलो की बोलणं बंद होतं. दूधवाला दूध खांबाशी ठेवून जातो.

दिल्लीहून उत्तर आलं. तिथल्या सरकारला लिहिलंय. भागीरथी आणि अनिता यांच्या रक्ताचे नमुने हुबळीला घेतले. मी गाडी देऊ का म्हणून निरोप पाठवला होता, अनितानं नको म्हणून कळवलं, बसनं गेल्या. मला जबाबाला नऊ डिसेंबरला बोलावलंय. पेन्शनवर येईल असं एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं, आणि हेही म्हणाला, की इतक्या वर्षांनी उकरायची काय गरज होती. मी फोन ठेवला.

अनिताचं लग्न झालं, गेल्या रविवारी, कलघटगीला देवळात. पाहुण्यांनी मोडलं नाही. विशाल चांगला निघाला, असं दूधवाल्याकडून कळलं. तोच अनिताबरोबर तालुक्याच्या कचेरीत कागद घेऊन फिरत होता म्हणे. कन्यादान रेखाच्या भावानं केलं. मला बोलावणं नव्हतं, आणि नसावं हेच बरोबर. रेखाला मी त्या दिवसानंतर एकदाच बघितलं, लांबून, एसटीच्या थांब्यावर. तिनं कपाळावर कुंकू लावलं होतं की नाही ते बघायला मी थांबलो नाही.

भात झडायला लागलं होतं. पहाटेचं दव पडलं की ओंब्या वाकतात आणि ऊन चढलं की दाणे सांडतात. मी विळा घेऊन दोन दिवस कापून बघितलं. चार वाफे झाले आणि पाठ धरली. मग म्हटलं, जाऊ दे.

परवा, शुक्रवारी सकाळी, मी मागे विहिरीवर होतो. शेतात बोलण्याचा आवाज आला. येऊन बघतो तर भागीरथी आणि तिच्याबरोबर तिघी म्हाताऱ्या, ओळ धरून कापायला बसलेल्या. डोक्याला फडकी बांधलेली. मी बांधापर्यंत गेलो.

‘अक्का,’ म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. ‘तुमच्यासाठी न्हाई आलो. हुबं पीक झडू द्यायचं नसतंय. मातीचा काय गुन्हा?’

मी पेंढ्या बांधू लागतो म्हटलं.

‘लांब ऱ्हावा.’

मी वडाच्याही पलीकडे जाऊन बसलो. त्या चौघींनी दुपारपर्यंत खालचा तुकडा संपवला. त्या जेवायला बसल्या आणि भागीरथीच्या कमरेचा मोबाइल वाजला. तिला तो नीट धरता येत नाही, तोंडासमोर आरशासारखा धरते. बांधावर येऊन बसली. मला शब्द ऐकू येत नव्हते. पण तिनं पहिला शब्द मोठ्यानं म्हटला, तो ऐकू आला. ती म्हणाली, ‘मेधा काय?’

मी तिथून उठून आत जायला हवं होतं. गेलो नाही. बसून राहिलो. तू आधी बोलत असणार, कारण ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिनं काहीतरी विचारलं. मग पुन्हा ऐकत राहिली. एकदा ती हसली. खरंच हसली, दात दिसले. बाकीच्या बायका भाकरी हातात धरून तिच्याकडे बघत होत्या. नंतर तिनं पदर तोंडाला लावला आणि वाकली, आणि फोन हातात तसाच घट्ट होता. पाऊण तास झाला असेल. शेवटी तीच बोलत होती, हळूहळू, एका लयीत, लहान पोराला थोपटताना बोलतात तसं.

फोन ठेवून ती उठली, फडकं परत बांधलं, आणि विळा घ्यायला जाताना माझ्यासमोरून गेली. थांबली नाही. चालता चालता म्हणाली, ‘पोरगी रडालती. मीच गप केली तिला.’

खालचं सगळं भात कापून झालंय. ते त्यांच्या खळ्यावर गेलं. मीच तसं सांगितलं, आणि भागीरथीनं त्यावर हो-नाही काही म्हटलं नाही. वरच्या तुकड्याला त्या सोमवारी येणार आहेत. मी त्या वेळी घरात राहीन.

तुम्ही काय बोललात ते मी तिला विचारलेलं नाही, तुलाही विचारणार नाही. तो शेडमधला तास माझा नव्हता. मला पत्र लिही असंही म्हणत नाही. एवढंच सांगायचंय, की तिचा फोन आला तर घेत जा. वेळीअवेळी येईल, तिकडची वेळ तिला कळत नाही. हणमंत गाव सोडून गेल्यानंतर त्याच्याशी मायेनं बोललेलं, तिला ठाऊक असलेलं, जगात तूच एक माणूस आहेस.

अण्णा